अकरा खुंट्यांची शाळा

हजेरीपट नाहीसा झाल्याचं गिरणीवाल्याने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा वहिनी शाळेच्या कपाटाचं कुलूप न्याहाळत होत्या आणि भाऊजी घड्याळ. साडेनऊ. अकराला मोजणी अधिकारी येणार होते.

"थोडक्यात सांगा," वहिनी म्हणाल्या. रेकॉर्ड कचेरीत तीस वर्षं काढून आता त्या खासगी तपास करत. धाकटे दीर सोबत असत, टिपणं घ्यायला आणि चुकीचा माणूस पकडायला.

थोडक्यात असं: चाळीस घरांची ही वस्ती कुठल्याच गावाच्या हद्दीत नव्हती. नकाशावर तिथे कोरी जागा. आता धरणाचं पाणी येणार होतं. धरण ठरण्याआधीपासून वस्ती होती हे सिद्ध झालं तर घराला घर, नाहीतर बिस्तरा गुंडाळा. पुरावा एकच, शाळेचा पहिल्या दिवसापासूनचा हजेरीपट. एकच जाडजूड वही.

"कुलूप शाबूत आहे. किल्ल्या किती?"

"दोन. एक बाईंची, एक पोस्टमनची. टपालही याच कपाटात राहायचं."

पोस्टमन भडकला. "माझंही घर बुडतंय, ताई! मी कशाला वही पळवू?"

इतका भडकतो म्हणजे नक्कीच, असं ठरवून भाऊजींनी टिपणवहीत फुली मारली.

सत्तरी ओलांडलेल्या बाई टेबलामागे खुर्चीत बसल्या होत्या. पाय अधांतरी, पाठ मात्र ताठ.

"शाळा तुम्हीच काढलीत?" वहिनींनी विचारलं.

"मीच. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद, असा हुकूम होता. माझी एकदाही बंद पडली नाही." बाईंनी दाराकडे पाहिलं. "वही सापडली, तर साहेब पहिलंच पान बघतील की सगळी?"

"सगळी!" भाऊजी अधिकारवाणीने म्हणाले. बाई खुर्चीत सावरून बसल्या.

भिंतीवर खुंट्यांची रांग होती. प्रत्येकीवर चित्र : छत्री, मासा, पतंग.

"दप्तरांच्या?"

"हो. ज्याची त्याची. एका खुंटीवर दोन दप्तरं मी कधी टांगू दिली नाहीत."

भाऊजींनी सवयीने मोजल्या. अकरा.

"आम्ही पाच भावंडं," गिरणीवाला कौतुकाने म्हणाला. "अर्धी शाळा आमचीच! बाईंची ही खुर्चीसुद्धा आम्हीच कापून बुटकी केली. त्यांचे पाय टेकत नव्हते ना."

पावणेअकरा झाले. वहिनींनी दार लोटलं.

"भाऊजी, चोर कोण?"

"पोस्टमन."

"छान. म्हणजे पोस्टमन सुटला." त्या भिंतीकडे वळल्या. "पाच भावंडं म्हणजे अर्धी शाळा, आणि खुंट्या अकरा. पट मात्र कधीच वीसच्या खाली नाही. मग उरलेली पोरं दप्तर कुठे टांगायची?"

भाऊजींनी खुंट्या पुन्हा मोजल्या. अकराच.

"ती पोरं नव्हतीच. शाळा वाचवायला कोणीतरी नावं रचली. आज ती वही उघडणार, तीही आपल्याच विद्यार्थ्यांसमोर. हरवली तर दुर्दैव, उघडली तर बेअब्रू. ज्यांना पानांची भीती वाटली, त्यांनी दुर्दैव पत्करलं. पण चाळीस घरांचं. बाई, बुटक्या केलेल्या खुर्चीत तुमचे पाय अधांतरी का?"

बाई उठल्या. खुर्चीवर घडी घातलेल्या शालीखाली वही होती.

"जाळायला हात धजला नाही," त्या म्हणाल्या. "एक खोटं सापडलं की साहेब सगळंच खोटं म्हणतील."

"पहिल्या पानावर शाळा-तपासनिसाचा तारखेसह सही-शिक्का आहे?"

"आहे."

"मग त्यांनी शोधण्याआधी तुम्हीच दाखवा."

अकराला साहेब आले. बाईंनी उभं राहून दहा नावांवर एकेक करून बोट ठेवलं. साहेबांनी ती वाचली, मग पहिल्या पानावरचा शिक्का खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"या नावांबद्दल मला अहवाल द्यावा लागेल, बाई."

"द्या."

साहेबांनी फॉर्मवर वर्ष लिहिलं. धरण ठरण्याच्या नऊ वर्षं आधीचं. मग ते घरं मोजायला बाहेर पडले.

आत गिरणीवाला जागेवर उभा राहिला, हात पाठीमागे घेऊन.

"बाई, ती दहा जणं पास व्हायची का?"

"व्हायची," बाई म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा बऱ्या मार्कांनी."