दुसरा झोत

प्रिंटरमधून निघालेला कागद दोघांनी एकदमच धरला.

“माझा आहे,” ती म्हणाली.

“असू दे की. पण हे… फुलपाखरू?”

“फुलपाखरू कसलं! तान्हा तारा आहे. सूर्याच्या वीसपट वजनाचा. जन्मतानाच वायूचे झोत फेकतोय. ते भोवतालच्या थंड वायूवर आदळले, की तिथे असे ठिपके उजळतात.”

“पाळण्यातच एवढी आदळआपट? अगदी माझ्या भाच्यावर गेलाय!”

ती खुदकन हसली. वेधशाळेच्या दुर्बिणीचा कॅमेरा थंड ठेवणारा हा नवा इंजिनिअर. सगळे त्याला ‘थंडोबा’ म्हणत. त्या दिवसापासून दुपारचा चहा दोघांचा झाला आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते कळलंही नाही.

त्या ताऱ्याला एक नाही, दोन झोत आहेत, असा तिचा शोध होता. दोन वर्षांची मेहनत. शोधनिबंध पाठवायला चार दिवस उरले असताना तो दारात घुटमळला.

“एक सांगू? …रागावशील.”

“सांग ना.”

“हा पूर्वेचा ठिपका खरा नाही. आधी टिपलेल्या ठळक ताऱ्याची छाप कॅमेऱ्यावर राहिली होती. मी नोंदी पाहिल्या.”

तिचा चेहरा पडला. त्याच ठिपक्यावर तर दुसरा झोत उभा होता!

“कुणी विचारलं होतं तुला?” ती फणकारली.

तीन दिवस अबोला. तिने एकेक छायाचित्र तपासलं… ठिपका खरंच चित्रागणिक फिका होत गेला होता. डोळे पुसून तिने तो काढून टाकला आणि बघते तर काय, उरलेले ठिपके एका सुरेख वळणावर बसले! झोत एकच होता, पण डुलणारा. म्हणजे जवळ कुणी जोडीदार तारा होता, त्या ताऱ्याला ओढणारा.

ती धावतच त्याच्या खोलीत गेली.

“मी चिडणार हे माहीत होतं, तरी सांगितलंस?”

“उद्या चारचौघांत कुणी ही चूक दाखवली असती… तर तुझा चेहरा मला बघवला नसता.”

ती खुर्ची ओढून बसली. मग हळूच म्हणाली, “तीन दिवस चहा गोड लागला नाही रे.”

“मलाही… म्हणजे… मला तू आवडतेस.” त्याचे कान लाल झाले. “घरी काय सांगशील?”

“भांडणाचं सांगून झालंय. आई म्हणाली, तोंडावर चूक सांगणारा मुलगा मिळतोय कुठे? रविवारी जेवायला घेऊन ये.”