थिरीच्या आईचं मडकं

सिंगापूरला, हौगांगच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये कचऱ्याचं शूट स्वयंपाकघरातच आहे. ओट्याशेजारी भिंतीत लोखंडी झाकण; ओढायचं, टाकायचं, की सगळं खाली गडप. मला ती फार मोठी सोय वाटायची. लेक ऋग्वेदा शिकायला लंडनला गेली, नवऱ्याची, अभयची शुगर वाढली, तरी स्वयंपाकाला माझा हात काही आखडेना. उरलं की झाकण ओढायचं.

लेकीच्या खोलीत आम्ही थिरीला पेइंग गेस्ट ठेवलं. म्यानमारची, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी गुणी मुलगी. तिकडे यादवी पेटलेली. भाऊ लढायला जंगलात, आई गावात एकटी. आई रोज डायरी लिहायची आणि नेट आलं की पानांचे फोटो पाठवायची. संध्याकाळी चहाला थिरी ती मला इंग्रजीत वाचून दाखवायची. विमानं आली. विहिरीवर भांडणं झाली. तांदूळ संपला. मी "अरेरे" म्हणायचे आणि बिस्किट बुडवायचे.

एके दिवशी वाचता वाचता ती कसनुसं हसली. "आई लिहिते, रिकाम्या मडक्यात आज साबुदाणा सापडला. शेंगदाण्याचं कूट घातलेला, बुडाशी करपलेला. काळं काढून खाल्ला म्हणे. भुकेने भास होतायत तिला, आंटी."

तारीख संकष्टीची होती. त्या दिवशी माझी खिचडी खाली लागली होती आणि मी ती तशीच शूटमध्ये लोटली होती. योगायोग, दुसरं काय! बँकेत जन्म गेलाय माझा, असल्या गोष्टी मी मानत नाही.

पुढच्या पानात होतं: आज जाड भाकरी. मध्ये भोक. कडेला कुणीतरी चावा घेतलेला.

थालीपीठ. चावा अभयचा. माझे कान तापले. त्या बाईने आमचं उष्टं खाल्लं होतं आणि वर लिहिलं होतं, देणाऱ्याचं भलं होवो. थिरीला सांगायला हवं होतं. काय सांगणार, कर्म माझं? तुझी आई आमचा कचरा खाते म्हणून?

इतकी लाज वाटली की मी मोजून रांधायला लागले. कणभर वाया नाही. स्वतःवर खूशही होते. मग पुढची पानं आली.

मडकं रिकामं. पाणी पिऊन झोपले.

आजही रिकामं. माझं काही चुकलं का?

मी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवसापासून आधी थिरीच्या आईचं वाढून शूटमध्ये सोडायला लागले. गरम वरणभात, वर तूप, भाजी. अभयने एकदा पाहिलं. "अगं, वेड लागलंय का तुला? ताजं अन्न टाकतेस?"

"नासलंय ते," मी म्हणाले.

आता पानांत फोडणीचं कौतुक असायचं. शेजारणीची मुलंही जेवायला यायला लागली होती.

पण एवढ्या अन्नाने घरात झुरळं झाली. ओट्यावर, डब्यांमागे, शी! शनिवारी सकाळी मी माझी आई करायची तेच केलं. कणीक, पिठीसाखर, दूध आणि बोरिक पावडर मळून बारीक गोळ्या वळल्या, कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. ताटलीभर उरल्या. हात सवयीने झाकणाकडे गेला.

खाली आपटल्याचा आवाज नेहमी येतो. तो आला नाही.

मी कोपरापर्यंत हात आत घातला. गार वारा लागला. लाकडाच्या धुराचा वास आला.

"आंटी?" थिरी बाहेर निघाली होती. "आज नेट आलंय. आईला काही सांगू?"

सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. करपलेली खिचडी, चावलेलं थालीपीठ, सगळं.

"काही नाही गं. नमस्कार सांग."

संध्याकाळी ती धावतच आली. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता.

"आज गोड आलं, आंटी! पांढऱ्या गोळ्या, वर बोटांचे ठसे. मुलांनी मागून मागून खाल्ल्या. आईने स्वतःसाठी उद्याला ठेवल्यात. ती म्हणते, हे तुमच्याकडचं वाटतंय. काय म्हणतात याला?"

ती माझ्याकडे बघत थांबली.

"लाडू," मी म्हणाले.