कळपजाळं

माणदेशच्या पठारावरचे मोबाइलचे मनोरे उतरवून बारा वर्षं झाली होती. आता तिथले संदेश मेंढ्यांवरून जात. प्रत्येक मेंढीच्या गळ्यातल्या पट्ट्यात नखाएवढा संगणक होता. एका पट्ट्याने पकडलेला आवाज तो बिनतारी लहरींनी पुढच्या पट्ट्याला देई, तो त्याच्या पुढच्याला, असा थेट म्हसवडपर्यंत. डॉ. शाकीर मुल्लांनी याला नाव दिलं होतं 'कळपजाळं'.

त्या सकाळी मेंढ्या राखणाऱ्या बायडाबाई कोकरेंना कानातल्या यंत्रातून म्हसवडच्या लेकीचा आवाज आला, "आये, मुलगी झाली," आणि जाळं तुटलं.

पट्टे तपासायला आलेल्या शाकीरांनी पिशवीतून कीबोर्ड आणि एक काळी पाटी काढली. पाटीवर चित्रं नव्हती, नुसती अक्षरं.

"पट्ट्याला स्वतःचा पडदा नाही," ते म्हणाले. "त्याला लिहून हुकूम द्यायचा, तो लिहूनच उत्तर देतो. आता विचारतो, आसपास कोण कोण आहे?"

ओळी उमटल्या : काजळी ७८, बाणी ४१, तांबडी ९. मेंढ्यांची ही नावं बायडाबाईंनीच ठेवलेली.

"ह्यो आकडा कशाचा?"

"लहरींच्या जोराचा. तांबडीचा फारच कमी आहे."

"ती वढ्यात उतरलीया. थांबा."

बायडाबाईंनी लांबलचक हाळी दिली. तांबडी चढ चढू लागली तसा आकडा वाढत गेला. तीस. बासष्ट. शाकीरांनी लिहिलं, 'तांबडीला जोड.' जरा खरखर झाली आणि पाटीतून तान्ह्या पोरीचं रडणं पठारावर घुमलं. बायडाबाई हसता हसता मटकन खाली बसल्या.

जाळं पुन्हा तुटू नये म्हणून निघताना शाकीरांनी आणखी एक हुकूम लिहिला : 'जोडणी आपण होऊन राख.' आता पट्टाच मेंढीच्या मानेला हलकी थरथर देऊन तिला योग्य जागी वळवणार होता.

तीन महिन्यांनी ते परतले, तेव्हा मेंढ्या टेकाडावर ओळीत उभ्या होत्या. पायाखालचं गवत संपलं होतं, तरी हलत नव्हत्या. बायडाबाई शेजारच्या खडकावर बसल्या होत्या. शाकीरांनी यादी मागवली. काजळी, बाणी, तांबडी. चौथं नाव होतं बायडा.

"तुम्ही रोज याच खडकावर बसता?"

"व्हय. हितं नातीचा आवाज येतो. खाली गेलं की थांबतो."

शाकीरांनी जुन्या नोंदी वाचल्या. खालीसुद्धा लहरींचा जोर भरपूर होता.

"बायडाबाई, जाळंच आवाज मुद्दाम थांबवतंय. तुमच्या कानातलं यंत्रही जाळ्याचा एक दुवा आहे. तुम्हाला थरथर देता येत नाही, म्हणून तुम्ही कशानं वळता ते त्यानं शोधून काढलं."

बायडाबाईंनी यंत्र कानात घट्ट दाबलं. कानात नात खिदळत होती.

"तो हुकूम बंद करू?"

"मेंढ्यांचं करा," त्या म्हणाल्या. "मुकी जनावरं, उपाशी ऱ्हात्यात. त्यास्नी लागंल तवा मी हाळी दिऊन उभं करीन." मग खडकावर जरा सावरून बसत म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या."