तुतीपलीकडचं नेटवर्क

एखादी मुलगी उपड्या घमेल्यावर उभी राहून, लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर धरून स्वतःभोवती सावकाश फिरत असेल, तर शहाण्या माणसाने एक तर आपल्या वाटेने जावं, नाही तर पुढे होऊन मदत करावी. कुंपणापलीकडे वाट चुकलेल्या त्या माणसाने यातलं काहीच केलं नाही. त्याने मोटरसायकल बंद केली, हेल्मेट काढलं आणि तिथूनच म्हणाला, "जरा डावीकडे."

ती दचकली. घमेलं डुगडुगलं. "काय डावीकडे?"

"लॅपटॉप. घर त्या बाजूला आहे ना? वायफाय तिथूनच येत असेल. म्हणजे… येत असेल तर."

भोचकपणा म्हणतात तो हाच, असं तिच्या मनात आलं. पण हात मात्र डावीकडे वळले. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बारीकशी रेघ उमटली आणि पुसली गेली. "आलं होतं की," तो म्हणाला, जणू त्यानेच ती रेघ पाठवली होती. मग कळलं की त्याचा धंदाच तो. शेताशेतांवर अँटेना बसवायच्या, घरातलं इंटरनेट गोठ्यापर्यंत, विहिरीपर्यंत न्यायचं. शेजारच्या मळ्यावर निघाला होता, एक वळण आधीच आत शिरला. आता यात नशिबाचा हात किती आणि त्याच्या आळशी नकाशाचा किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तिची अडचण मात्र खरी होती. ती सांकेतिक भाषेची दुभाषी होती. ऐकू न येणारं कोणी दवाखान्यात गेलं की समोर डॉक्टर, इकडे पेशंट, आणि मधे टेबलावरच्या स्क्रीनवर ही. डॉक्टरचे शब्द ती हातांनी सांगायची, पेशंटचे हात आवाजात उतरवायची. चित्र क्षणभर जरी अडकलं तरी कोणाचं तरी बोलणं अर्धवट राहायचं. हे काम ती शहरातल्या ऑफिसात करायची. तिथल्या तिच्या खोलीची खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. तिथे ती हळूहळू कोमेजत गेली, आणि एक दिवस बॅग भरून वडिलांच्या मळ्यावर निघून आली. ऑफिसने सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत घरून भक्कम लाइन मिळत असेल तर तिथूनच काम करा, नाही तर परत या. तिला परत जायचं नव्हतं. काम सोडायचं नव्हतं आणि हा मळाही सोडायचा नव्हता.

घरी इंटरनेट होतं, पण घरात कुत्री होती. सुट्टीवर जाणारे लोक आपापली कुत्री तिच्या बाबांकडे सांभाळायला ठेवून जायचे. एकाने सूर लावला की बाकीचे साथीला तयारच. एकदा तर एका डॉक्टरीणबाईंनी बोलणं थांबवून काळजीने विचारलं होतं, "तुमच्याकडे कोण रडतंय?" इतक्या कुत्र्यांच्या घरात एक तरी मनी हवी, म्हणून बाबा लेकीला लहानपणापासून मनी म्हणायचे.

शांतता होती ती मळ्याच्या दुसऱ्या टोकाला. तुतीच्या रांगांपलीकडे, तळ्याच्या काठावर बियाणं ठेवायची जुनी कोठी होती. आत कोरड्या मातीचा वास, खिडकीत पाणी, पाण्यावर उगाच फिरणारं ऊन. मनीने तिथे टेबल मांडलं, मागे निळा पडदा लावला. सगळं जमलं, फक्त वायफाय तुतीच्या अलीकडेच दमून बसायचं.

अँटेनावाला दोन दिवसांनी सामान घेऊन आला. एक अँटेना घराच्या गच्चीवर, दुसरी कोठीच्या छपरावर, दोघींची तोंडं बरोबर समोरासमोर. अंगठ्याएवढा जरी फरक पडला तरी काम बिघडतं, असं त्याने बजावलं. तो गच्चीवर आकडे बघणार, ती कोठीच्या छपरावर अँटेना फिरवणार. पण सांगायचं कसं? मळ्यात फोन लागत नव्हता आणि हाक मारावी तर कुत्री आधी उत्तर द्यायची. तेव्हा मनीने त्याला हातांची भाषा शिकवली. थोडं डावीकडे. थोडं उजवीकडे. वर. थांब. छान. अँटेना किती वळली ते त्याला दिसावं म्हणून बाबांनी आपली दुर्बीण त्याच्या गळ्यात अडकवली.

पानगळीचे दिवस होते. तुतीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि त्यांच्यातून हवा आरपार दिसत होती. ती छपरावर बसलेली, केस वाऱ्यावर, आणि लांब गच्चीवर तो एवढासा, पण मोठमोठे हातवारे करणारा. त्याने "वर" असं सांगितलं की ती वर करायची. मग त्याने "छान" केलं. तिने हात काढून घेतले. त्याने पुन्हा "छान" केलं… आणि मग आणखी एकदा. आता अँटेना तर हलत नव्हती. तिने मान वळवून तळ्याकडे बघितलं, कारण गाल गरम झाले होते आणि दुर्बीण त्याच्याकडे होती.

नेट सुरू झालं, आणि काय सुरेख सुरू झालं. मनीने ऑफिसला कळवून टाकलं, मी इथूनच काम करणार. अँटेनावाला अधूनमधून "सहज चेक करायला" यायचा. बाबा म्हणायचे, इतकं चेकिंग तर आमच्या कुत्र्यांचंही डॉक्टर करत नाहीत. तो चहा प्यायचा, तळ्याकाठी तिच्याकडून एखादा नवा शब्द हातांनी शिकायचा. पाणी. पक्षी. उशीर. एकदा त्याने विचारलं, एखादी व्यक्ती आवडते हे कसं सांगतात? ती म्हणाली, ते पुढच्या धड्यात आहे. मग दोघंही बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले, आणि तो वेळ कुठे गेला ते दोघांनाही कळलं नाही.

असे ते स्वप्नातले दिवस चालले असताना तुतीला पालवी फुटली. आधी हिरवे ठिपके, मग तळव्याएवढी पानं, मग दाट भिंत. एका सकाळी रिमझिम पाऊस पडून पानं निथळत होती. स्क्रीनवर एक आई होती, मांडीवर बाळ, समोर डॉक्टर. डॉक्टर औषध कधी आणि किती द्यायचं ते सांगत होते. मनीचे हात चालू होते, आणि मधेच चित्र गोठलं. सुटलं, पुन्हा गोठलं. गोठलेल्या चित्रात त्या आईची मान पुढे झुकलेली होती, डोळे मनीच्या हातांवर. मग स्क्रीन काळी झाली.

दुपारी घरच्या वायफायवर ऑफिसचा फोन आला. पुन्हा असं झालं तर सामान घेऊन शहरात या, इतकंच म्हणाले ते. रागावून म्हणाले असते तर परवडलं असतं.

अँटेनावाला धावत आला. मनी कोठीच्या दारातच उभी होती.

"झाडांना पानं येतात हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"ओल्या पानांतून सिग्नल जात नाही, हेही?"

"तेही." त्याने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "अँटेना बसवताना मधलं सगळं बघायचं असतं. हिवाळ्यात तर जास्तच. पण दुर्बिणीतून मी… झाडं बघतच नव्हतो."

एरवी हे वाक्य ऐकून ती विरघळली असती. पण डोळ्यांसमोर ती झुकलेली मान होती. "एका बाईला तिच्या बाळाचं औषध अर्धंच कळलं," ती म्हणाली. "तुम्ही कुठे बघत होतात, त्याच्याशी तिला काय करायचंय?" त्याने सबब सांगितली नाही, हसून वेळ मारून नेली नाही. त्या आईला नंतर कोणी नीट सांगितलं का, एवढंच त्याने विचारलं. ऑफिसने दुसरी दुभाषी दिली होती. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला, आणि तिच्या रागाला जरा उतार पडला, अगदी जरासाच.

बाबा म्हणाले, झाडं तोडू. मनीने नाही म्हणायच्या आधी तोच नाही म्हणाला. उंच खांब लावता येईल, पण वाऱ्यात तो हलेल. खात्रीचा उपाय एकच, घरापासून कोठीपर्यंत जमिनीखालून केबल. यंत्र आणलं तर तुतीची मुळं तुटतील, म्हणून चर हाताने खणावा लागेल. "चूक माझी, तेव्हा खणणारही मीच," असं म्हणून त्याने कुदळ मागून घेतली.

तो रोज इतर कामं उरकून यायचा आणि खणायचा. मनी तोवर घरातल्या न्हाणीघरात दार लावून काम करायची, बादली पालथी घालून तिच्यावर लॅपटॉप, आणि बाबा तेवढा वेळ सगळ्या कुत्र्यांना लांब फिरवून आणायचे. काम संपलं की ती चराशी जाऊन बसायची. पहिल्या दिवशी फुगूनच बसली. दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन गेली. पुढे तीही खुरपं घेऊन मुळांभोवतीची माती मोकळी करू लागली. तुतीची सावली दोघांच्या पाठीवर हलायची, ओल्या मातीचा थंड वास यायचा, आणि बोलायला काही नसलं तरी बरं वाटायचं. त्याची बोटं सोलली होती, तरी हातांची भाषा तो आता बऱ्यापैकी बोलत होता. चर रोज थोडा थोडा कोठीकडे सरकत होता, आणि तो संपू नये असं तिला वाटत होतं. मग स्वतःचाच राग यायचा. नोकरी या चरावर अवलंबून, आणि बाईसाहेबांना तो लांबायला हवा.

केबल टाकून झाली. माती लोटली. कोठीतल्या इंटरनेटच्या डबीवर हिरवा दिवा लागला आणि ढिम्म हलेना. बाहेर पाऊस पडत होता, पानं निथळत होती, आणि मनीने त्या दिवशी एकामागून एक सगळे कॉल केले. चित्र एकदाही अडकलं नाही. शेवटच्या कॉलनंतर ऑफिसचा निरोप आला, लाइन उत्तम आहे, आता तिथेच राहा. तिने पडद्यामागे जाऊन डोळे पुसले.

बाहेर आली तर पाऊस थांबला होता, कोठीला शिडी लावलेली होती आणि अँटेनावाला छपरावरची अँटेना सोडवत होता.

"आता हिची गरज नाही," तो वरून म्हणाला. बराच वेळ पान्याशी झटापट करून मग हळू आवाजात म्हणाला, "केबल बिघडत नाही. म्हणजे… आता मला बोलवायचंही काही कारण उरलं नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खणताना सारखं तेच मनात होतं."

"तरी खणलात?"

"तुम्हाला इथे राहायचं होतं ना."

ती शिडीचा पाय धरून उभी राहिली. तिच्या कामाची एक रीत होती, चराशी बसून तिने ती त्यालाही सांगितली होती. पेशंट जे सांगेल ते दुभाष्याने "मी" म्हणूनच बोलायचं. त्यामुळे ती सकाळपासून म्हणत होती, मला भीती वाटते, माझं पोट दुखतं, मला घरी कधी सोडणार. दिवसभर दुसऱ्यांचं मन अचूक बोलून दाखवणारी ही मुलगी स्वतःपाशी आली की मुखदुर्बळ.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली.

वर पाना थांबला. छपरावरून पाण्याचे थेंब ओघळत राहिले. त्याने खाली वाकून तिच्याकडे पाहिलं. विश्वास बसत नाही आणि बसावा असं फार वाटतंय, असा त्याचा चेहरा झाला होता.

"हे… कोण म्हणतंय?"

"मी," मनी म्हणाली. "आज सकाळपासून पहिल्यांदाच, मी."