डंपरवरचं नवं झाकण

लुईझाने तान्ह्या बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि टेबलावर हात आपटला.

"माझ्या नवऱ्याचा काम कच्चा न्हाय, बाय! त्याला लॉकअपमदी घातलाय, आन तो शेठ घरात बसून जेवतय!"

बाळ दचकून रडू लागलं. खासगी डिटेक्टिव्ह नादिया परेराने आधी उठून पंखा हळू केला, मग वही न उघडताच म्हणाली, "सांग."

लुईझाचा नवरा कॅल्विन तारोडी गावचा. डंपरला गुंडाळती ताडपत्री बसवायचा. हौद्यावर लोखंडी कमानी, त्यावर ताडपत्री, तिच्या कडेला पाईप. हँडल फिरवलं की ताडपत्री गुंडाळते, उलटं फिरवलं की हौदा झाकतो.

"कमानींना पिवळा रंग मीच मारलाय," लुईझा म्हणाली. "एक ओरखडा नव्हता."

ईश्वरशेठच्या डंपरला सकाळी झाकण बसलं. त्यात पाडकामाचा राडारोडा होता. दुपारी त्याच डंपरशेजारून जाणाऱ्या स्कूटरवर, आईच्या मागे बसलेली सलोनी डोक्याला मार लागून बेशुद्ध पडली. शेठने सांगितलं, फिटिंग निसटलं, पाईप सुटून पोरीला लागला. पोलिसांनी कॅल्विनला उचललं.

"आता पाईप वाकलाय म्हटल्यावर..." हरिश्चंद्रकाका पुटपुटले. बँकेतून निवृत्त होऊन ते नादियाला मदत करायला यायचे आणि तिच्या आधी निकाल देऊन मोकळे व्हायचे.

"चला काका. तुमची स्कूटर काढा."

चौकीच्या आवारात डंपर रिकामा उभा होता. रस्ता अडतो म्हणून माल शेठने अपघाताच्या जागीच दुसऱ्या गाडीत घेतला होता. पाईप वाकडा, ताडपत्री लोंबती. नादिया चाकावर पाय देऊन वर चढली. कमानींचा रंग वरच्या अंगाने खरवडला होता, खाचांत विटेचा चुरा. ताडपत्रीवर पाईपजवळ कुंकवाने काढलेला ठसठशीत श्री. तिने ताडपत्री उलटली. आतल्या बाजूला तोच श्री, फिका आणि आरशातल्यासारखा उलटा.

"कुंकू खाली उतरलं," काका म्हणाले.

"प्लास्टिकच्या ताडपत्रीतून? आणि वरच्या श्रीच्या खाली नाहीये तो, वीतभर सरकलाय."

ड्रायव्हर शिवा गेटजवळ बिडी चुरगाळत होता.

"मी नाश्त्याला गेलेलो, मॅडम. आलो तर शेठ बोलले, निघ."

"ताडपत्री बंद होती?"

शिवा चपलेकडे बघत राहिला. "ते शेठला विचारा ना."

खारी गावातल्या ऑफिसात ईश्वरशेठ फोनवर बोलतच होता. फोन ठेवून त्याने दोघांना न्याहाळलं.

"तुम्ही त्या फिटरवाल्या बाईकडून? बसा. माल आदल्या दिवशी भरलेला. कॅल्विनने झाकण बसवलं, बंद करून दाखवलं. मी स्वतः ओल्या कुंकवाने श्री काढला, नारळ फोडला. प्रसाद घेऊन तो लगेच गेला."

"हँडल?"

"ते बघा, देवासमोर. त्याने माझ्या हातात दिलं, मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग झाकण उघडलं कसं? फिटिंगच ढिलं! जाऊ द्या ना ताई, रोज कुणी ना कुणी पडतंच रस्त्यावर."

काकांनी नादियाकडे पाहिलं. तिची नाकपुडी थरथरत होती. त्यांनी गुपचूप चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना डंपरजवळ बोलावलं, सब-इन्स्पेक्टरांनाही.

"हा उलटा श्री म्हणजे ठसा," ती म्हणाली. "ताडपत्री गुंडाळली की वरची बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूला चिकटते. पण ठसा ओल्या कुंकवाचाच उठतो, आणि या उन्हात ते बघता बघता वाळतं. म्हणजे पूजा झाल्या झाल्या, डंपर निघायच्या आधीच झाकण उघडलं गेलं. कॅल्विन गेलेला, शिवा नाश्त्याला. हँडल कुणाकडे होतं, शेठ?"



"पण उघडायचं कशाला?" काका म्हणाले.

"आणखी माल कोंबायला! माल आदल्या दिवशी भरला म्हणता, मग त्याच सकाळी बसवलेल्या कमानी वरून कशाने खरवडल्या? ढीग कमानींच्या वर गेला, झाकण बसेना, तसाच उघडा डंपर पाठवला. सलोनीला पाईप नाही, वीट लागली. मग तुम्ही माल हलवलात, पाईप वाकवलात आणि एका बाळाच्या बापाला आत घातलंत!" तिचा आवाज चिरकला. "पूजा केलीत हो, पूजा! झाकायला तेवढं जमलं नाही!"

"काहीतरीच बडबडतेय ही..."

"मी बोललेलो शेठला!" शिवा एकदम ओरडला. "झाकण बसत नाय बोललो! तर बोलले, घरी बसायचंय का? पाईप माझ्यासमोर पहारीने वाकवला, साहेब. लिहून घ्या!"

सब-इन्स्पेक्टरांनी शेठच्या दंडाला धरलं.

संध्याकाळी कॅल्विन बाहेर आला. लुईझाने बाळ पुढे केलं, पण त्याने हात पुढे केले नाहीत.

"ती पोरगी कशी हाय?"

 शेठने एकदाही हे विचारलं नव्हतं.

"शुद्धीवर आली," नादिया म्हणाली. "आईकडे पाणी मागितलं तिने."

तेव्हा कुठे कॅल्विनने बाळाला घेतलं.