मोकळ्या मातीवरची चौकट

शिवलीला मुरूम गावच्या व्यापाऱ्याची लेक. समोरचा बोलायला लागला की त्यातलं खरं किती आणि पदरचं किती, हे ती मनातल्या मनात निवडून टाकायची. तिला लोहाऱ्याजवळच्या एका गावात रणधीरनं बोलावलं होतं ते लोगो काढायला. भूकंपात गेलेलं जुनं गाव त्यानं व्हीआरमध्ये पुन्हा उभं केलं होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समाजमंदिराच्या रिकाम्या हॉलमधला माणूस थेट जुन्या वेशीत. त्या गावाची खूण काय, रंग कोणता, अक्षरं कशी, हे शिवलीलानं ठरवायचं होतं.

रणधीर कामाला खरा माणूस. फोटो असेल तेवढंच घर बांधायचा; अंदाजानं एक दगडही ठेवायचा नाही. शिवलीलाला त्याचा हा हट्ट फार आवडला. पण त्याच हट्टापायी गावातल्या म्हाताऱ्या शांताक्कांचं घर राहिलं होतं. त्यांच्याकडं फोटो नव्हता. मारुतीच्या पारापुढं नुसती मोकळी माती.

"समद्यांची घरं आली," शांताक्का हॉलच्या दारात बसून म्हणायच्या, "माझंच तेवढं वर आलं न्हाय व्हय रे?"

"अक्का, काहीतरी पुरावा द्या. उद्या बांधतो."

"पुरावा घराखालीच हाय की, बाबा."

रणधीर पुन्हा संगणकाकडं वळायचा.

शिवलीलानं कागद बाजूला ठेवला आणि माणसं बघायला घेतली. बब्रुवान अण्णा हेडसेट घालण्याआधी चपला काढायचे. देवळावरून जायचं म्हणून. कस्तुराबाई जावेच्या घरात डोकावून म्हणायच्या, "ती पितळेची घागर माझी हाय, आज सापडली." शिवलीला हसायची, पण नजर हलवायची नाही. म्हणूनच तिच्या ध्यानात आलं. पार ओलांडला की जो तो एकाच जागी वाकायचा. मान लववून, एक हात वर धरून, ठेंगण्या दारातून आत शिरावं तसा.

हेडसेटमधलं दृश्य रणधीरच्या पडद्यावर उमटायचं; तिथं मोकळी माती होती.

"जुनी सवय असंल," तो म्हणाला.

भूकंपानंतर जन्मलेली त्याची धाकटी बहीण समृद्धी, तीही वाकली. का वाकलीस विचारलं तर म्हणाली, "मी? कवा?"

 रात्रीतून शिवलीलानं लोगो काढला. दोन उभ्या रेघा, त्यांवर खूप खाली आलेली एक जाड आडवी तुळई, आत काही नाही. रंग शेणानं सारवलेल्या अंगणाचा. सकाळी तिनं तो रणधीरला दाखवला.

"एवढ्याशा रेघांत गाव बसवलंस तू," तो म्हणाला.

शांताक्कांनी छापलेला कागद मांडीवर घेतला आणि तुळईवरून बोट फिरवलं.

"आमची चौकट. डाव्या अंगाला खचली होती, ते बी बरोबर काढलंस, पोरी."

शिवलीलानं रेघ सरळ काढली होती. तिनं कागद पाहिला. संगणकावरची मूळ फाईल उघडून पाहिली. दोन्हीकडं तुळई डावीकडं उतरली होती.

तिनं हेडसेट चढवला. पार ओलांडला. पुढं माती, ऊन, दूरवर बाभळी. आपण वाकायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

ती ताठ चालत गेली.

कपाळावर लाकूड बसलं.

हेडसेट काढला, तर समोर हॉलची मोकळी फरशी. हात लांब केला, हवाच होती. कपाळाला टेंगूळ आलं होतं.

"नवं माणूस आपटतंच तिथं," शांताक्का तिच्या कपाळाला पदर दाबत म्हणाल्या. "सून बी आपटली होती."

 रणधीरनं हेडसेट उचलला आणि आपल्या हातानं शांताक्कांना चढवला.

"अक्का, मी बांधत नाही तिथं काही," तो हळू म्हणाला. "हाय तसंच राहू द्या."

त्या न चाचपडता चालत गेल्या. डावीकडून जरा जास्त वाकल्या. पलीकडं जाऊन मांडी घालून बसल्या.

"बंदे," त्या कानडीत कुणाला तरी म्हणाल्या. म्हणजे 'आले'.

पडद्यावर माती.

त्यांनी ओंजळ पुढं केली, थोडा वेळ तशीच धरली, मग तोंडाला लावली. सावकाश प्यायल्या.

शिवलीलानं त्यांचा हेडसेट उतरवला, तेव्हा शांताक्का पदरानं ओठ पुसत होत्या.

पदराचं टोक चिंब झालं होतं.