घोटभर पाणी

“मी खालच्या मजल्यावर त्या यंत्राला जखडून मरतोय, आणि तुला या वयात बारीक व्हायचे डोहाळे लागलेत, ताई!”

धाकटा दारातूनच बोलला. पलंगावरच्या ताईने डोळे मिटून घेतले. पोटावरच्या ताज्या टाक्यांहून ते वाक्य जास्त दुखले... पण उत्तर द्यायचे नाही, हे तिने आधीच ठरवून ठेवले होते.

वजन उतरावे म्हणून डॉक्टरांनी काल तिच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला होता. घरी तिने गुडघ्यांचे निमित्त सांगितले होते. “गुडघे कुरकुरतात रे, हा डोलारा पेलत नाही त्यांना,” असे ती हसत हसत म्हणाली आणि सगळ्यांनी ते खरे मानले. आयुष्यभर स्वतःच्या अंगावर विनोद करणाऱ्या बाईचे बोलणे कोण कशाला पारखून घेईल!

धाकट्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दिवसाआड याच इस्पितळात यंत्रातून त्याचे रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. ताई कुणालाही न सांगता स्वतःची तपासणी करून आली होती. सगळे जुळले होते, पण डॉक्टर म्हणाले, “या वजनात तुमची किडनी काढणं तुमच्याच जिवावर बेतेल. आधी वजन उतरू द्या, मग पाहू.” लोक हसले म्हणून तिला आपल्या देहाचा कधी राग आला नव्हता. त्या दिवशी मात्र आला. आपला हाच देह धाकट्याच्या आणि त्याच्या आयुष्याच्या मध्ये आडवा पडावा...!

त्याला सांगितले असते तर त्याने साफ नकार दिला असता. मानी होता तो. आणि त्याच्या लग्नापासून दोघांमध्ये काहीतरी उसवलेही होते. ‘ताई, पाहुण्यांसमोर फार येऊ नकोस गं,’ असे तो त्या दिवशी खाली मान घालून पुटपुटला होता, आणि ती दिवसभर आतल्या खोलीत नवरीच्या कपड्यांना टाके घालत बसली होती. शिवणकामावर घर चालवणाऱ्या ताईला त्या उसवणीचा धागा मात्र आजवर सापडला नव्हता.

“बस तरी,” ती म्हणाली.

“बसायला नाही आलो. कशी आहेस तेवढं बघायला आलो.” असे म्हणून तो बसलाच. अंगातला शर्ट तिनेच मागे आत घेऊन दिला होता. शिवणीच्या आत भरपूर माया ठेवून. कधीतरी तो पुन्हा अंगाने भरेल, या आशेने. आज तोही ढगळ दिसत होता.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आई गेली तेव्हा हा केवढासा होता! घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून म्हणायचा, “आधी तू.” तिने एक घास खाल्ला की हा एक खायचा. स्वतःचे जेवण झाल्यावर ती याच्याबरोबर पुन्हा जेवायची... ‘पोराला भरवता भरवता पोरगीच फुगली,’ असे शेजारणी म्हणायच्या. पोरगा जगला, एवढेच तिला पुरे होते.

नर्स औषधाच्या चिमुकल्या प्याल्यात पाणी घेऊन आली. “घोट घोट घ्यायचं, मावशी. आणि संपवायचं हं! अर्ध्यावर शाबासकी मिळत नाही.”

नर्स गेली. ताईने घोट घेतला. तो छातीशीच अडला, आणि डोळ्यांत पाणी आले. तिने घाईघाईने दुसरा घेतला. तो उलटून आला. तरी तिने प्याला पुन्हा ओठांशी नेला.

“अगं, राहू दे ना! नंतर पी.”

“नाही रे... पाणी कमी पडलं तर किडनीवर ताण येतो म्हणाले डॉक्टर. ती जपायला हवी...”

ती थबकली. पण शब्द तोंडून निसटले होते.

“गुडघ्यांसाठी आली होतीस ना तू?” धाकट्याने अगदी सावकाश विचारले. “मग किडनी कुणासाठी जपतेस?”

ताईने तोंड भिंतीकडे वळवले.

“ताई... माझ्याकडे बघ.”

“तू नको म्हणाला असतास,” ती भिंतीलाच सांगत असल्यासारखी म्हणाली. “म्हणून लपवलं.”

“नकोच आहे मला!” तो ओरडला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा आवाज फुटला. “तुझ्याकडून घ्यायला तोंड आहे का मला? भर लग्नात तुला मी आतल्या खोलीत बसवलं... आणि आज दारातून काय बोललो मी!”

तिने हात लांब करून त्याचे मनगट धरले. “वेड्या, त्या खोलीत गारवा होता. बाहेर सगळे घामाघूम झाले होते.”

तो रडता रडता हसला. मग डोळे पुसून त्याने प्याला हातात घेतला. घड्याळे दुरुस्त करताना केसाएवढे स्क्रू बसवणारी त्याची बोटे. थेंबही सांडला नाही. “गटकन गिळू नकोस. जिभेवर धर, ऊब येऊ दे, मग आपोआप उतरतं. मी दिवसभर असंच पितो. मला मोजूनच मिळतं ना.”

ताईने तोंड घट्ट मिटून घेतले.

“आता काय?”

“आधी तू.”

तो क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिला. पिशवीतून त्याने आपली छोटी बाटली काढली. दिवसभराचे पाणी तेवढेच. झाकणात घोटभर ओतून तो प्यायला.

“ते नव्हे,” ताई हळूच म्हणाली. “घेईन म्हण.”

त्याने झाकण बाटलीला घट्ट लावले. मग धाकट्याने मान हलवली... लहानपणी हलवायचा तशीच, रुसव्यासकट. “डॉक्टर हो म्हणाले तर. आणि तुझ्या जिवाला धोका नसेल तर. नाहीतर नाही, सांगून ठेवतो!”

ताईने ओठ उघडले.

नर्स परत आली तेव्हा प्याला कोरडा झाला होता. तिने एकदा प्याल्याकडे आणि एकदा त्या दोघांच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिले.

“अरे वा! संपलं? खरं सांगा, कुणी प्यायलं?”

“दोघांनी,” धाकटा म्हणाला.